अमेरिकेत माणूस गेला तर: काउंटीतून मृत्यूचा दाखला काढताना

फ्युनरल होममध्ये अंत्यविधीची वेळ ठरवत बसलेलो असताना समोरच्या बाईंनी विचारलं, "मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती हव्यात?" त्या घटकेला आमच्यापैकी कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. "दोन," मी म्हणाले. बाबा पुण्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात सहा महिन्यांसाठी आले होते, चौथ्या महिन्यात गेले. त्या 'दोन'मुळे आणि दाखला छापण्याआधी न वाचलेल्या एका फॉर्ममुळे पुढचं जवळजवळ वर्षभर मी अर्ज भरत, नोटरीकडे जात आणि पुण्याला कुरिअर करत राहिले. दरवर्षी कितीतरी मराठी आई-वडील मुलांकडे अमेरिकेत येतात, त्यांतले काही इथेच जातात. अशा घरातल्या कुणाला तरी हे आधी कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट ही की अमेरिकेत मृत्यूचा दाखला केंद्र सरकार देत नाही. जन्म-मृत्यूची नोंद हा तिथे राज्यांचा विषय आहे. 50 राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, न्यूयॉर्क शहर आणि 5 प्रदेश अशा 57 स्वतंत्र यंत्रणा या नोंदी ठेवतात. प्रत्येकीचे नियम, फी आणि फॉर्म वेगळे. म्हणून टेक्सासमधल्या मित्राने सांगितलेली पद्धत न्यू जर्सीत चालेलच असं नाही. राज्याच्या खाली काउंटी येते. आपल्या जिल्ह्यासारखी म्हटलं तर चालेल, पण कॅलिफोर्निया किंवा टेक्साससारख्या राज्यात दाखला काढायला सर्वांत जवळचं आणि बहुतेक वेळा सर्वांत जलद दार काउंटीचंच असतं.

मृत्यू जिथे, नोंद तिथे

नोंद होते ती मृत्यू ज्या हद्दीत झाला तिथे. माणूस राहत कुठे होता, अंत्यसंस्कार कुठे झाले, याच्याशी तिचा संबंध नाही. मुलगा फ्रीमाँटला राहतो म्हणजे त्याचं घर अलमेडा काउंटीत. पण वडील स्टॅनफर्डच्या हॉस्पिटलात गेले तर दाखला सांता क्लारा काउंटीत मिळणार. अलमेडाच्या खिडकीवर कितीही वेळ उभे राहिलात तरी त्यांच्याकडे ती नोंदच नसते. इतकंच कशाला, बर्कली शहर अलमेडा काउंटीत आहे, पण त्याचं स्वतःचं आरोग्य खातं असल्यामुळे नव्या मृत्यूंची नोंद शहरच करतं. लाँग बीच आणि पॅसाडिना यांचंही तसंच.

हा नियम मनात पक्का बसायला मला आनंदीबाई जोशींचं उदाहरण उपयोगी पडतं. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, 1887 मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मात्र त्यांना आपल्या घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. त्यांच्या नावाचा दगड आजही तिथे आहे. पण दगड डचेस काउंटीत आहे म्हणून त्यांच्या मृत्यूचा दाखला डचेस काउंटीत शोधून उपयोग नाही, कारण मृत्यू पुण्यातला. आपल्या माणसाच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडतं. अस्थी नाशिकला किंवा आळंदीला नेल्या तरी मृत्यूची मूळ नोंद अमेरिकेतल्या त्या काउंटीतच राहते.

सगळीकडे काउंटीच असते असंही नाही. न्यू जर्सीत ही नोंद नगरपालिकेचा रजिस्ट्रार ठेवतो, त्यामुळे एडिसनमध्ये मृत्यू झाला तर एडिसनच्याच कचेरीत जायचं. न्यूयॉर्क राज्यात गाव किंवा शहराचा रजिस्ट्रार, आणि न्यूयॉर्क शहराचं तर आरोग्य खातं संपूर्ण स्वतंत्र. कनेटिकटमध्ये काउंटीचं सरकार 1960 मध्येच बंद झालं, तिथे टाउन क्लार्ककडे जावं लागतं. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. खिडकी शोधायची सर्वांत सोपी रीत म्हणजे फ्युनरल होमला विचारणं: "नोंद कुठे दाखल केलीत?" ते एका वाक्यात सांगतात.

कॅलिफोर्नियात आणखी एक फाटा आहे. मृत्यू याच वर्षीचा किंवा गेल्या वर्षीचा असेल तर प्रती काउंटीच्या आरोग्य खात्याकडे मिळतात, त्याहून जुना असेल तर क्लार्क-रेकॉर्डरकडे, म्हणजे काउंटीचे जुने दस्त सांभाळणाऱ्या खात्याकडे. एकाच काउंटीची ही दोन खाती बरेचदा वेगवेगळ्या इमारतीत असतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करा.

दाखला छापण्याआधीचा तो फॉर्म

आपल्याकडे घरात मृत्यू झाला तर 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन आपणच नोंद करतो. अमेरिकेत घरच्यांना जावं लागत नाही. फ्युनरल डायरेक्टर माणसाची माहिती भरतो, डॉक्टर मृत्यूचं कारण भरतो, आणि बहुतेक राज्यांत हे सगळं संगणकावरच होऊन रजिस्ट्रारकडे पोचतं. कॅलिफोर्नियात ही नोंद 8 दिवसांच्या आत आणि अंत्यसंस्काराच्या आधी व्हावीच लागते. अंत्यसंस्काराचा परवाना त्याशिवाय मिळत नाही.

माणसाची माहिती म्हणजे काय, तर फ्युनरल होम तुमच्यासमोर एक दोन-तीन पानी फॉर्म ठेवतं. तो तुम्ही भरायचा. माझं सगळं सांगणं खरं म्हणजे या फॉर्मबद्दलच आहे. त्या रात्री तो नीट वाचला असता तर पुढचे आठ महिने वाचले असते.

सर्वांत आधी नाव. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. अमेरिकन फॉर्मवर तीन रकाने असतात, त्यामुळे वाटतं की चपखल बसलं. पण भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव, आणि वडिलांचं नाव बहुधा त्या दिलेल्या नावातच असतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, मग व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही अक्षरं येतात. म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. ती अक्षरं नाव समजून दाखल्यावर उतरू देऊ नका. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सातबारा या सगळ्यांवर नाव कसं आहे हे भारतात फोन करून विचारा आणि दाखल्यावर पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच लिहा. आडनावात एक 'ए' जास्त, 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', आणि वडिलांचं नाव गळलेलं, एवढ्यावर बँकेची खिडकी "हे तेच गृहस्थ कशावरून?" म्हणते. आमच्या दाखल्यावर बाबांच्या वडिलांचं नाव फक्त एका अक्षरात आखडलं गेलं होतं. तेवढंच.

त्याच माणसाची दोन नावं प्रचलित असतील, तर 'या नावानेही ओळखले जात' असा एक रकाना बऱ्याच राज्यांच्या दाखल्यावर असतो. आपल्या पिढीच्या आयांच्या बाबतीत तो फार मोलाचा आहे. लग्नात नाव बदललेलं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, जमिनीच्या कागदावर सासरचं. तो रकाना त्यांच्यासाठी मागून घ्या.

मग मृताच्या आईचं माहेरचं नाव विचारतात. म्हणजे आमच्या बाबतीत माझ्या आजीचं. आजीला मी फक्त 'आजी' म्हणून ओळखत होते. नवऱ्याने साताऱ्याला आत्याला फोन लावला, तिथे पहाट होती, आत्या रडता रडता म्हणाली, "अगं, तिचं माहेर वाईचं," आणि मग नाव सांगितलं. पुष्कळ घरांत इथे 'माहीत नाही' असं लिहून मोकळे होतात. कायद्याने चालतं. पण एक फोन करण्याइतकी ती बाई नक्कीच महत्त्वाची आहे.

व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' लिहायचं नसतं, आयुष्यभर जे काम केलं ते लिहायचं: शिक्षक, फिटर, शेतकरी. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) नसतो, तिथे 'नाही' असं लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. पत्ता भारतातला कायमचा द्यायचा. तारखेत आधी महिना आणि मग दिवस असतो, म्हणून 3 ऑगस्टचं 8 मार्च होत नाही ना, हे बोट ठेवून पाहा. मृत्यूची तारीख अमेरिकेतल्या घड्याळाची असते. घरच्या मंडळींनी तिकडे दुसरी तिथी धरली असेल, श्राद्ध त्यांनी त्यांच्या तिथीने करावं, पण कागदांवर सगळीकडे दाखल्याचीच तारीख लिहावी.

शेवटी फ्युनरल होमला सांगा की दाखल करण्याआधी मला कच्ची प्रत दाखवा. ते दाखवतात. घरातल्या दोघांनी ती वाचावी, त्यातला एक शक्यतो जरा लांबचा असावा, कारण जवळच्याला त्या दिवशी अक्षरं दिसत नाहीत.

कारणाच्या रकान्यात 'पेंडिंग'

पाहुण्या आई-वडिलांच्या बाबतीत एक प्रसंग वारंवार येतो. इथे त्यांचा कायमचा डॉक्टर नसतो. घरी झोपेत गेले, 911 ला फोन केला, तर आधी पोलीस येतात. घाबरू नका, ती रीतच आहे. कॅलिफोर्नियात मृत्यूच्या आधीच्या 20 दिवसांत कुणा डॉक्टरने पाहिलेलं नसेल तर प्रकरण कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातं. अनेक काउंट्यांत तिथला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुखच कोरोनर असतो. मोठ्या शहरांत त्याऐवजी मेडिकल एक्झामिनर म्हणजे सरकारी डॉक्टर असतो, आणि टेक्सासच्या ज्या लहान काउंट्यांत तोही नसतो तिथे जस्टिस ऑफ द पीस म्हणून निवडून आलेला न्यायाधीश ही चौकशी करतो. तुमच्याकडे भारतातल्या डॉक्टरांचे कागद, औषधांची यादी, जुने ईसीजी असतील तर लगेच द्या, त्याने काम लवकर हलतं.

तपासण्या बाकी असतील तर दाखल्यावर कारणाच्या जागी 'पेंडिंग' छापून येतं. अंत्यसंस्काराला तो दाखला चालतो, विमा कंपनी मात्र बहुधा अंतिम कारण येईपर्यंत थांबते. अशा वेळी सगळ्या प्रती लगेच काढू नका. दोन-तीन घ्या, दुरुस्त दाखला आला की बाकीच्या घ्या.

काही ठिकाणी कारण दाखल्यावर नसतंच. न्यूयॉर्क शहरात ते वेगळ्या गोपनीय कागदावर असतं. फ्लोरिडात कारणासह आणि कारणाशिवाय असे दोन प्रकारचे दाखले मिळतात, आणि कारणाची माहिती 50 वर्षं गोपनीय राहते. विमा असेल तर कारणासह मागा.

प्रत कुणाला मिळते

बाबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझा नवरा काउंटीच्या खिडकीवर आणखी प्रती मागायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. कॅलिफोर्नियात पूर्ण अधिकृत प्रत आई-वडील, कायदेशीर पालक, मुलगा-मुलगी, आजी-आजोबा, नातवंड, भावंड, पती-पत्नी किंवा नोंदणीकृत जोडीदार, शिवाय वारसाहक्काचं काम पाहणारा वकील किंवा कोर्टाने नेमलेली व्यक्ती, अशांनाच मिळते. जावई आणि सून त्या नात्यांच्या यादीत नाहीत. आपल्याकडे असल्या धावपळीला पहिला जावईच उठतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले.

बाकी कुणालाही कॅलिफोर्नियात जी प्रत मिळते तिच्यावर ठळक छापलेलं असतं की ही केवळ माहितीसाठी आहे, ओळख सिद्ध करायला वैध नाही. माहिती तीच, शिक्काही खरा, पण बँक आणि दूतावास ती घेत नाहीत. ऑनलाइन अर्ज करताना चुकून हाच पर्याय निवडला जातो. ओहायोसारख्या राज्यात मृत्यूच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. टेक्सासमध्ये 25 वर्षं झाल्यावर खुल्या होतात.

अर्जात काय लागतं, तर मृताचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण, तुमचं नातं आणि तुमचं फोटो ओळखपत्र. कॅलिफोर्नियात शपथेवर लिहून द्यावं लागतं की मी अमुक नात्याने पात्र आहे. खिडकीवर गेलात तर तिथेच सही, पोस्टाने पाठवलंत तर ते शपथपत्र नोटरीसमोर सही केलेलं हवं. न्यू जर्सीत नात्याचा कागदोपत्री पुरावा मागतात, म्हणजे लेकीला स्वतःचा जन्मदाखला आणि आडनाव बदललं असेल तर विवाहाचा दाखलाही जोडावा लागतो. हे कागद भारतातल्या कपाटात असतील तर आजच स्कॅन मागवून ठेवा.

फीची रीतही प्रत्येक राज्याची वेगळी. टेक्सास राज्याच्या कार्यालयात पहिली प्रत 20 डॉलर आणि त्याच वेळी मागितलेली पुढची प्रत्येक 3 डॉलर. न्यू जर्सी राज्याकडे 25 आणि पुढे 2. न्यूयॉर्क शहरात प्रत्येक प्रत 15. कॅलिफोर्नियात प्रत्येक प्रतीला पूर्ण पैसे पडतात. म्हणजे जिथे पुढची प्रत दोन-तीन डॉलरला मिळते तिथे पहिल्याच फेरीत मोकळ्या हाताने मागाव्यात. भारतातले व्यवहार असतील तर मी आठ म्हणेन. पाठवण्यापूर्वी फी तेवढी पडताळून घ्या, ती बदलत असते.

इंटरनेटवर शोधताना सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट सर्वांत वर येतात आणि नुसता फॉर्म भरून देण्याचे जादा पैसे घेतात. काउंटीच्या स्वतःच्या पानावरून सुरुवात करा. बऱ्याच काउंट्या तिथून व्हायटलचेक नावाच्या सेवेकडे पाठवतात, ती खरी आहे, तिचं सेवाशुल्क वेगळं पडतं.

प्रत हातात आली की तिला लॅमिनेशन करू नका. आपल्याला ती सवय आहे, पण दाखला खास सुरक्षित कागदावर असतो. उठावाचा शिक्का आणि बारीक छपाई बोटाला जाणवणं हाच त्याचा खरेपणा. प्लास्टिक चढवलं की अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून जोडायचं प्रमाणपत्र, मिळत नाही.

भारतात चालेल असा कागद

पुण्याच्या बँकेतल्या माणसाला सांता क्लारा काउंटीच्या अधिकाऱ्याची सही ओळखता येणार नाही. त्यासाठी अपॉस्टिल असतं. 1961 च्या हेग करारानुसार एका देशाचा सार्वजनिक कागद दुसऱ्या देशात मानला जावा म्हणून जोडलेलं प्रमाणपत्र. अमेरिका या करारात 1981 पासून आहे, भारत 2005 पासून. अपॉस्टिल ज्या राज्याचा दाखला तेच राज्य देतं, बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय. वॉशिंग्टनला पाठवलेला राज्याचा दाखला तसाच परत येतो, कारण तिथे फक्त केंद्र सरकारचे कागद होतात. कॅलिफोर्नियात काही काउंट्यांच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही असेल तर आधी काउंटी क्लार्ककडून त्या सहीची खातरजमा लागते. न्यूयॉर्क शहराच्या दाखल्याला आधी शहराकडून एक खास पत्र, मग मॅनहॅटनमधल्या काउंटी क्लार्कचं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर राज्याचं अपॉस्टिल. झेरॉक्स नोटरी करून त्यावर अपॉस्टिल घेण्याचा आडमार्ग मृत्यूच्या दाखल्याला चालत नाही, मूळ प्रमाणित प्रतच हवी. आणि अपॉस्टिल ज्या स्टेपलने जोडलेलं असतं ते झेरॉक्स काढायला म्हणूनसुद्धा उघडू नका.

दुसरी वाट भारतीय दूतावासाची. गेलेली व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर ज्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत ते राज्य येतं तिथे मृत्यूची नोंद करता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 20 प्रमाणे ही नोंद भारतातल्या नोंदीसारखीच मानली जाते. पुणे महापालिका किंवा गावची ग्रामपंचायत अमेरिकेतल्या मृत्यूची नोंद करून देऊ शकत नाही, कारण मृत्यू त्यांच्या हद्दीतला नाही. तिथे हेलपाटे घालायला घरच्या म्हाताऱ्या माणसांना पाठवू नका. व्यक्ती अमेरिकन नागरिक आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्डधारक असेल तर दूतावासाची ही नोंद होत नाही, तिथे अपॉस्टिल केलेला दाखलाच वापरायचा.

शेतजमीन असेल तर घाई करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचा असतो, त्यावरून वारस नोंदीचा फेरफार होतो. तीन महिने अमेरिकेतली कागदपत्रं हलण्यात सहज जातात. म्हणून पहिली अपॉस्टिल झालेली प्रत जमिनीकडे पाठवा, बँक थोडी थांबते.

दाखल्यात चूक राहिलीच तर दुरुस्तीचा अर्ज असतो. नावगाव वगैरे चुका शपथपत्र आणि जुने पुरावे देऊन दुरुस्त होतात, मृत्यूच्या कारणातली चूक फक्त डॉक्टर किंवा कोरोनर बदलू शकतो. कॅलिफोर्नियात मूळ पान तसंच ठेवून दुरुस्तीचं पान त्याला जोडतात, त्यामुळे यापुढे दोन्ही पानं एकत्रच दाखवावी लागतात. बाबांच्या नावाच्या एका अक्षरासाठी आम्ही हे केलं, आणि मग सगळ्या प्रती पुन्हा काढल्या, अपॉस्टिलसकट.

दूतावास नोंदीबरोबर पासपोर्टही रद्द करायला मागतो. तो पाठवण्यापूर्वी पहिल्या-शेवटच्या पानांची आणि व्हिसाची रंगीत झेरॉक्स काढून ठेवा, नंतरच्या प्रत्येक अर्जाला ती लागते. बाबांचा पासपोर्ट कोपरा कापून, शिक्का मारून परत आला. फोटो शाबूत होता. तो आता आईच्या कपाटात आहे, दुरुस्त केलेल्या दाखल्याच्या दोन पानांसोबत.